उलट्या फेऱ्याच्या गोधड्या

पोस्टकार्ड मंगळवारी आलं आणि विमलबाईच्या तोंडचं पाणी पळालं. कार्डात तसं वाईट काही नव्हतं. मालेगावचे बबनराव लिहीत होते, की रविवारी बाराच्या मोटारीने आम्ही तिघे मुलगी बघायला येतो : मी, मुलगा सुखदेव, आणि शिरपूरला दिलेली माझी बहीण पंचफुला. बहिणीला गोधडीतलं फार कळतं, तरी मुलीच्या हातचं एखादं काम काढून ठेवावं. बाकी सर्वांना जयभीम.

शिरपूर हा शब्द विमलबाईच्या नवऱ्याच्या, उकंडरावांच्या घरात अठरा वर्षं कुणी तोंडातून काढला नव्हता. मोटारीच्या पाटीवर तो दिसला तरी घरातली माणसं दुसरीकडे बघत. उकंडरावांची बहीण भागिरथा तिथल्या ग्यानबाला दिली होती, आणि सत्तावन्न सालच्या उन्हाळ्यात ती हाताला फडकं बांधून माहेरी केनवडला परत आली ती आलीच. "नांदली नाई," एवढंच घरच्यांनी गावाला सांगितलं. नांदली नाही म्हटलं की बाईची चूक असते हे गावाला न सांगताच कळतं, त्यामुळे पुढे कुणी विचारलं नाही. वर्षभरात अर्ध्या वस्तीच्या अंगावर भागिरथाच्या हातच्या गोधड्या आल्या, आणि मग विचारायचं कारणही उरलं नाही.

आता पंचाईत अशी होती की भागिरथाला एखादा दिवस लपवता आलं असतं. तिच्या गोधड्या कशा लपवायच्या?

कारण त्या ओळखू येत. गोधडी काठापासून भरायला घेतात. दोऱ्याची पहिली ओळ चारी काठांना फिरते, दुसरी तिच्या आत, तिसरी तिच्याही आत, असं फिरत फिरत सुई मधोमध येते. त्या मधल्या जागेला गोधडीचं पोट म्हणायचं. उजव्या हाताने शिवणाऱ्या साऱ्या जगाचा फेरा एका बाजूने जातो. भागिरथा डावखुरी, तिचा फेरा दुसऱ्या बाजूने. शिरपूरच्या बायकांनी तिच्या गोधडीला नावच ठेवलं होतं, उलट्या फेऱ्याची. आणि विमलबाईच्या घरात मांडणीवर घड्या करून ठेवलेल्या नऊ गोधड्यांपैकी नऊच्या नऊ उलट्या फेऱ्याच्या होत्या. पाच भागिरथाच्या आणि चार विमलबाईच्या लेकीच्या, बेबीच्या.

"बेबीचाबी फेरा उलटाच येते, वैनी," जानराव म्हणाला. उकंडरावांचा हा धाकटा भाऊ रिसोडला मास्तर होता, आणि घरात काही अडलं की शाळा सोडून गावी यायचं आणि तोडगा काढायचा ही त्याची हौस होती. "मले त हे समजतच नाई. भागिरथाताईजवळ विहारात वीस पोरी शिकल्या. एकीचाबी हात उलटा नाई. आपलीच काहून अशी?"

"मले काय विचारता? मी सुई धरली का कवा जलमात?" विमलबाई म्हणाली. हे खरं होतं. विमलबाईचा जन्म वावरात गेला. निंदण, सोंगणी, खळं, सगळं तिने गड्याच्या बरोबरीने केलं, पण सुई हातात घेतली की तिचे डोळे भरून येत आणि दोऱ्याला गाठी पडत.

"मंग ऐका. रविवारी सकायी साऱ्या गोदड्या उचला अन् शेजारी नेऊन टाका."

"अन् पाहुन्यायले दाखवू काय? माह्यं कपाय?"

"शेजारच्या शांतीची दाखवा. सुलट्या हाताची हाय पोरगी."

"तिची कुठी पुरी झाली? पोट राह्यलं हाय भराचं."

"तं म्हना, थोडी राह्यली. काम चालू हाय असं दिसन, चांगलंच वाटन उलट."

उकंडराव ओट्यावर बसून दोर वळत होते. ते दोर वळतच राहिले. गप्प बसण्याची कला त्यांना इतकी साधली होती की घरातल्यांनी त्यांचं मत विचारणं कधीच सोडून दिलं होतं. विमलबाईने मात्र त्या दिवशी त्यांच्याकडे पाहिलं, आणि तिला वाटलं, हा माणूस आज नेहमीसारखा गप्प नाही, काहीतरी गिळून बसला आहे. पण तिला पुरणाच्या डाळीची चिंता होती. तिने विचारलं नाही.

रविवारी सकाळी भागिरथा अंगणात बसून सुया घासत होती. अडतीस वर्षांची बाई, पण हसली तर अजून बेबीची थोरली बहीण वाटावी. हसण्याचे प्रसंगच कमी. विमलबाईने तिच्यापुढे भाकरीचं गाठोडं ठेवलं.

"भागिरथा, आज तू विहारातच राहाय दिवसभर. पोरीयले बोलावून घे शिकाले. मी निरोप धाडल्याशिवाय येऊ नोको."

भागिरथाने गाठोड्याकडे पाहिलं. "पुरन माह्यासाठी ठेवजो थोडंसं."

"ठेवतो."

"शिरपूरची कोन येऊन राह्यली?"

विमलबाई चपापली. हिला कुणी सांगितलं? पण या घरात भिंतींनाच सगळं आधी कळतं. "पंचफुलाबाई म्हनून हाय कोनी. पोराची आत्या."

भागिरथाने सुई उन्हात धरून टोक बघितलं आणि ती खणाच्या चिंधीत टोचली. "माह्या बाजूलेच राहे," ती म्हणाली. "भिताड एकच होतं." मग उठली, लुगड्याचा ओचा झटकला. "वैनी, तू भेऊ नोको. आजबी दिसत नाई अन् लग्नाच्या दिवशीबी मी मांडवात दिसत नाई कोनाले. पोरीचं चांगलं झालं मंजे झालं."

ती गेली तेव्हा विमलबाईचा जीव भांड्यात पडायला हवा होता. तसं झालं नाही. तिला वाईट वाटलं आणि वाईट वाटल्याचा रागही आला. अठरा वर्षं हेच चाललं होतं. ही नणंद कधी भांडायची नाही, कधी मागायची नाही, आणि तरी पोरगी तिचीच झाली. बेबी झाली तेव्हा विमलबाई माहेरी होती. तिथेच तिला ताप लागला, तो तीन महिने उतरला नाही. पोर घेऊन केनवडला परतली तेव्हा हाताला फडकं बांधलेली भागिरथा घरात होती, आणि पोर पहिल्या दिवशीच तिच्याकडे गेलं. त्यानंतर विमलबाई वावरात आणि बेबी भागिरथाकडे. पोरीचा पहिला दात कुणी पाहिला, तर आत्याने. पोरगी रात्री दचकून उठली तर कुणाला हाक मारी, तर आत्याबाईला. हे विमलबाईने कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही.

विहाराच्या ओट्यावर त्या दिवशी सहा पोरी आल्या. भागिरथाने त्यांना नेहमीसारखं समोर बसवलं. तिची शिकवण्याची रीत ठरलेली होती आणि ती तिने स्वतःच शोधून काढली होती. पोरीने तिच्या शेजारी बसायचं नाही, तोंडासमोर बसायचं, आणि आरशात बघितल्यासारखं करायचं. तिचा डावा हात तो पोरीचा उजवा. म्हणजे फेरा आपोआप सुलटा येतो आणि पोरीला पुढे कुणी नावं ठेवत नाही.

"बाई, आज घरी पाहुने येऊन राह्यले ना? तुमी कायले इथं?" एकीने विचारलं.

"टाका पाहाय. हे काय टाके होय का बेडूकउड्या? उसव."

पोरगी उसवायला लागली. भागिरथाने एका जुन्या लुगड्याच्या चौकटी मांडायला घेतल्या. लाल इकडे, हिरवी तिकडे, मध्ये जानरावच्या शाळेतल्या सदऱ्याची निळी. रंग मांडताना तिचं मन शांत होत असे. आज होत नव्हतं. पंचफुला आता कशी दिसत असेल, असा विचार तिच्या मनात येऊन जाई. मधल्या भिंतीतल्या कोनाड्यातून दोघी एकमेकींना मीठ देत. त्या दिवसानंतर कोनाडा पंचफुलाने पलीकडून लिंपून घेतला होता.

बाराची मोटार एकला आली. बबनराव दणकट गृहस्थ होते, पांढरी टोपी, पांढरं धोतर, बोलणं मोजकं. मुलगा एसटीत कंडक्टर होता आणि बापासमोर फार लाजत होता. पंचफुलाबाईच्या डोळ्यांवर दोरीने बांधलेला जाड चष्मा होता. ती आत आली, चहू बाजूंना बघितलं, आणि सतरंजीवर बसताना म्हणाली, "गोदडीवाल्या पोरीच्या घरात सतरंजी?"

"नवी हाय," जानराव घाईने म्हणाला. "पाहुन्यायसाठी आनली."

जानराव त्या दिवशी फार बोलला. पाऊसपाणी, शाळेतली पटसंख्या, मोटारीचा उशीर. बबनराव हूं हूं करत होते. बेबी पाण्याचे पेले घेऊन आली तेव्हा मुलाने पेला घेतला आणि हळूच म्हणाला, "तुमी बसा ना." बापाने त्याच्याकडे पाहिलं. मुलाचे कान लाल झाले. बेबीला ते लाल कान आवडले. खरं सांगायचं तर तिथेच तिने मनात होकार देऊन टाकला.

"आना मंग, पोरीच्या हातचं काम पाहू," पंचफुलाबाई म्हणाली.

विमलबाईने शांतीची गोधडी आणून पसरली. पंचफुलाबाईने ती मांडीवर ओढली आणि अंगठ्याचं नख ओळींवरून फिरवत फिरवत नेलं. चष्म्यातून तिचे डोळे मोठे दिसत होते. काठ बघितला, कोपरे बघितले, उलटी करून अस्तर बघितलं.

"टाका घट हाय. रंग जरासे भडक घेतले. कोवळं वय, चालाचंच. पोट राह्यलं भराचं?"

"हो, तेवढंच राह्यलं बाई," विमलबाई म्हणाली. "घरातलं काम, अन् मंग परीक्षा होती तिची..."

"मंग भर ना माय, दोन ओयी. माह्यासमोर. मले पोरीचा हात चालताना पाहाले आवडते."

जानराव खोकला. विमलबाई दारात उभी होती, तिने चौकटीला धरलं. गेल्या चार दिवसांत घरातल्या शहाण्या माणसांनी सगळा विचार केला होता. अर्धी गोधडी पाहून कुणी सुई पुढे करील हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

बेबीने सुई घेतली. दोरा शांतीने अर्धवट सोडला होता, तिथून पुढे जायचं होतं. ती ओळ कोणत्या बाजूने जाते हे तिला स्पष्ट दिसत होतं. त्या बाजूने तिने आयुष्यात एक टाका घातलेला नव्हता. तिने प्रयत्न केला. पहिला टाका लांब गेला, दुसरा वाकडा, तिसऱ्याला बोटात सुई गेली. कपाळावर घाम आला. मुलगा आपल्याकडे बघतो आहे हे तिला न बघताही कळत होतं.

"भेऊ नोको," पंचफुलाबाई मऊ आवाजात म्हणाली. "दुसरीचं पाहून भरू नोको. तुह्या हाताले जसं येते तसं भर."

बेबीने सुई काढली, गोधडी थोडी फिरवली, आणि हात सोडून दिला. मग सुई चालली. ज्वारीच्या दाण्यांसारखे एकसारखे टाके पडत गेले, दहा, पंधरा, वीस. ओळ सरळ आणि देखणी होती, आणि शांतीच्या ओळींच्या नेमक्या उलट्या दिशेने निघाली होती. आंधळ्यालाही कळावं की ही गोधडी या पोरीची नाही.

पंचफुलाबाईने चष्मा काढला. डोळे पुसले, पुन्हा घातला.

"कोनं शिकवलं तुले?"

"मी," विमलबाई दारातून म्हणाली. फार लवकर म्हणाली.

"तुमी? मंग या, बसा. तुमी भरा एक ओय."

"माह्ये हात पुरनाचे हायत, बाई."

पंचफुलाबाई बेबीकडेच बघत होती. "सुई उजव्या हातात, अन् फेरा डाव्या हाताचा. असं म्या कुठीच पाह्यलं नाई. डाव्या हाताची एकच बाई मले ठाऊक होती. पन तिच्यासमोर बसून शिकली असती तं पोरीचा फेरा सुलटा आला असता." तिने टाक्यांवर दोन बोटं ठेवली. "हे पोरगी समोर बसलीच नाई कवा. हे तिच्या मांडीवर बसून शिकली. लेकरू मांडीवर बसते तवा जे तिच्या हाताले दिसते, तेच याच्या हाताले दिसते."

जानरावला आपल्या चार दिवसांपूर्वीच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं आणि ते मिळालं नसतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. अठरा वर्षं जे विमलबाईने कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, ते या परक्या बाईने दोन बोटं कापडावर ठेवून सगळ्यांसमोर वाचलं होतं.

"भागिरथा कुठी हाय?" पंचफुलाबाईने विचारलं.

"आत्याबाई विहारात हाय," बेबी म्हणाली. आईकडे न बघता म्हणाली. "गोदडी माह्यी नाई, शांतीची हाय. माह्या गोदड्या शेजारच्या घरी ठेवल्या. मले आत्याबाईनंच शिकवलं."

बबनरावांना एवढा वेळ ही बायकांची गोष्ट वाटत होती. आता त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "कोन भागिरथा? ग्यानबाले सोडून आलती ते?"

"मंजे, तसं नाई," जानराव म्हणाला.

"तसं नाई मंजे कसं? ग्यानबा आमच्या पंचफुलाच्या भावकीतला मानूस हाय. लग्नाले येईन, त्याचे पोरं येतीन. उकंडराव, तुमी हे सांगाले पाहिजे होतं."

उकंडराव सतरंजीच्या कडेला बसले होते. सांगाले पाहिजे होतं, असं ते पुटपुटले, आणि सतरंजीचे दोरे उपटू लागले.

बबनराव वाईट माणूस नव्हते. त्यांनी मुलाकडे पाहिलं, बेबीकडे पाहिलं, थोडा विचार केला. "खोटं बोलले ते सोडून देतो. पोरीच्या बाजूले थोडंफार लपवा लागतेच. पोरगी पसंत हाय. पोराच्याबी मनात हाय, मले दिसते. पन एक हाय. ते बाई मांडवात नोको. अन् नुसतं मांडवात नाई. पोरगी उद्या माहेरी येईन, बायतपनाले येईन, तवा आमच्या भावकीनं काय म्हनाव? तिची सोय दुसरीकडे करा. या घरात ते बाई राहाले नोको. एवढं कबूल असन तं आजच साखर वाटू."

"त्यात काय," जानराव लगेच म्हणाला. "मी रिसोडले नेतो ताईले. माह्या खोलीच्या मांगं एक खोली हाय. तिची शिवनाची तिथंबी सोय होईन. वैनी, काय म्हनता?"

सगळे विमलबाईकडे वळले. चमत्कारिकच होतं ते. पुरुष माणसं बसलेली असताना हो की नाही हे दारातल्या बाईला विचारलं जात होतं, कारण ज्याने सांगायचं तो सतरंजीचे दोरे उपटत होता.

हो म्हणणं सोपं होतं. अगदी जिभेवर होतं. अठरा वर्षांपूर्वी आलेली बाई आता जाईल. पोरीचं लग्न होईल, घर आपलं होईल, बाळंतपणाला आलेली पोरगी आपल्याला हाक मारील. विमलबाईने हे सगळं एका क्षणात पाहिलं आणि त्याची तिला लाजही वाटली नाही. पण तोंड उघडलं तेव्हा तिने भलतंच विचारलं.

"पंचफुलाबाई, तुमचं अन् तिचं भिताड एकच होतं ना? काहून आलती ते पयून?"

"तुमाले नाई ठाऊक?"

"माह्यासमोर नाई झालं. मी माहेरी होती. मले सांगतलं, चुलीत हात भाजला, सासूशी पटलं नाई."

पंचफुलाबाईने उकंडरावांकडे पाहिलं. ते मान वर करीनात. मग ती बोलली, अगदी सपाट आवाजात.

"घरी पंगत होती. भागिरथानं डाव्या हातानं वाढलं. घाईत, बाप्पा, तिचा हातच तो! आदल्या सालीच आपून साऱ्यायनं देव सोडले होते, पन ग्यानबाच्या मायनं डाव्या हाताचा इटाय काई सोडला नाई. पंगत उठली अन् म्हातारीनं उलथनं चुलीत लाल केलं. ग्यानबानं हात धरला, म्हातारीनं तयहातावर ठेवलं. मी आयकलं. असं वरडनं म्या पुन्हा आयकलं नाई. म्या काय केलं? कवाड लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी कोनाडाबी लिंपला."

बेबीने तोंडावर पदर धरला. त्या तळहातावरचा गुळगुळीत डाग तिने लहानपणापासून पाहिला होता. त्यावर गाल ठेवून ती झोपली होती.

"मंग ते इकडे आली," विमलबाई म्हणाली.

"आली. अन् दहा दिवसानं तिचा भाऊ तिले गाडीत घालून परत घेऊन आला. दारात उतरवून देल्ली अन् पान्याचा घोटबी न घेता गेला. फडकं तसंच होतं हाताले."

आत चुलीवर काहीतरी करपल्याचा वास यायला लागला होता.

"मीच होतो," उकंडराव म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक होता की जानराव पुढे झुकला. "मायनं सांगतलं, नांदाले धाड. लोकं काय म्हनतीन. म्या बैल जुपले. रस्त्यानं एक शबुद नाई बोलली. उतरताना म्हने, दादा, बैलाले पानी पाज, उन्हाचं दूर जाचं हाय. एवढंच. पंधरा दिवसानं दुसऱ्यांदा आली ते पायी आली. दोन दिवस चालली. तवा मायबी काई बोलली नाई." त्यांनी गुडघ्यांत डोकं घातलं. विमलबाईने लग्नाला वीस वर्षं झाल्यावर पहिल्यांदा नवऱ्याला रडताना पाहिलं, आणि तिला दया आली नाही.

बबनराव अस्वस्थ झाले होते. "वाईट झालं. झालं ते वाईटच झालं. पन जुनी गोष्ट हाय आता. आपून पोराचं पाहू. मास्तर म्हनतात तसं रिसोडले..."

"नाई," विमलबाई म्हणाली.

"वैनी," जानराव म्हणाला, "जरा इचार करा. ताई सोताच म्हनन, जातो."

"ते म्हननच. तिले कवा नाई म्हनाले येते? म्हनूनच मी म्हनून राह्यली." तिने पुरणाचे हात लुगड्याला पुसले आणि चौकट सोडून पुढे आली. "बबनराव, तिले लपवाची अक्कल माह्यी. खोटं मी बोलली. तुमी मले काय बोलाचं ते बोला, मी आयकतो. पन एक डाव या घरातून तिले गाडीत घालून नेलं. आता दुसऱ्या डाव नाई. ते इथंच राहीन. माह्या पोरीले हयद लागन तं तिच्या हातची लागन, डाव्या हातची."

"सोयरीक मोडून राह्यल्या तुमी, बाई."

"दिसते मले."

मुलाने मान वर केली, बापाकडे पाहिलं. काहीतरी बोलेल असं वाटलं. बेबीला तर फार वाटलं. तो बोलला नाही. बबनराव उठले, तोही उठला. पंचफुलाबाई सर्वांत शेवटी उठली. तिने शांतीची गोधडी नीट घडी करून विमलबाईच्या हातात दिली, आणि भाऊ अंगणात हाक मारतोय हे ऐकून निघून गेली. पुरणाच्या बावीस पोळ्या टोपलीत तशाच राहिल्या. पाहुणे न जेवता गेले हे तिन्हीसांजेच्या आत सगळ्या वस्तीला कळणार होतं.

जानराव म्हणाला, "वैनी, तुमी हे काय करून बसल्या?" बेबी एक शब्द न बोलता आत गेली आणि तिने दाराला आतून कडी घातली. विमलबाईने दोन वेळा दार वाजवलं. मग डोक्यावरून पदर घेऊन विहाराकडे निघाली.

पोरी घरी गेल्या होत्या. भागिरथा ओट्यावर एकटीच बसली होती, मांडीवर लाल-निळ्या चौकटी. विमलबाईला स्वतः येताना पाहून तिने सुई टोचून ठेवली.

"निरोप धाडनार होतीस ना?"

"आपूनच आली."

"गेले पाहुने? जेवले का चांगले?"

"नाई जेवले. मोडलं."

भागिरथाच्या मांडीवरच्या चिंध्या खाली पडल्या. विमलबाईने जे झालं ते सांगितलं, उलथन्याचं आणि गाडीचं सोडून. ते सांगायला तिची जीभ वळली नाही. बबनरावांची अट सांगितली आणि आपण काय बोललो ते सांगितलं. तिला वाटलं होतं भागिरथा रडेल. भागिरथा उभी राहिली. अठरा वर्षांत पहिल्यांदा तिचा आवाज चढला, आणि तो इतका चढला की विहारासमोरच्या घरातली बाई दारात आली.

"कोनं सांगतलं होतं तुले? मी सकायीच म्हनलं नाई का, मी दिसत नाई म्हनून! रिसोड काय, मी अकोल्याले गेली असती, कुठीबी गेली असती! मले काय लागते, एक सुई लागते! माह्या पायी पोरीचं मोडलं? माह्या?" तिने विमलबाईच्या दंडाला धरून तिला गदागदा हलवलं. विमलबाई हलू देत राहिली. "पोरगा आवडला होता का तिले?"

"आवडला होता."

"तिले विचारलं का तू? नाई म्हनाच्या आंधी?"

"नाई विचारलं."

"अन् आता?"

"कडी लावून रडून राह्यली."

"मंग तू तिची माय हायस का कोन हायस, वैनी?"

विमलबाईने दंड सोडवून घेतला नाही. ज्या हाताने तो धरला होता तो डावा होता, आणि त्याच्या तळव्याची गुळगुळीत कातडी तिला आज पहिल्यांदा कळत होती.

"मी एकलीच तिची माय असती," ती म्हणाली, "तं हो म्हनलं असतं."